फोन टॉवर कसा शोधतो? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

रेंजबद्दलचे प्रश्न माझ्याकडे बाराही महिने येतात, पावसाळ्यात आणि नवरात्रात जरा जास्तच. जिल्ह्यात गाडी फिरवून सिग्नल मोजायचं काम, ज्याला आमच्यात ड्राइव्ह टेस्ट म्हणतात, मी बरीच वर्षं केलंय. त्या अनुभवावरून ही उत्तरं लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. ‘रेंज नाही’ हे एकच दुखणं नाही. फोनला सेल (टॉवरवरून मिळणारी सेवा, नेमकं प्रश्न १ मध्ये) सापडणं, सेलनं फोनला आत घेणं आणि आत घेतल्यावर काम होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमकी कुठली अडली हे कळलं की उगाच फोन बदलायची, सिम बदलायची वेळ येत नाही.

१. टॉवर आणि सेल हे एकच का?

नाही. टॉवर हा नुसता लोखंडी सांगाडा. त्यावर जे लांबट, उभे डबे दिसतात ते अँटेना. ते बहुधा तीन दिशांना तोंड करून बसवलेले असतात, प्रत्येकाकडे साधारण १२० अंशांचा भाग. एका दिशेला एका फ्रिक्वेन्सीवर मिळणारी सेवा म्हणजे एक सेल. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्या भाड्यानं असतात आणि प्रत्येकीच्या चार-पाच फ्रिक्वेन्सी असतात. त्यामुळे राजारामपुरीतल्या एखाद्या गच्चीवर तुम्हाला एक टॉवर दिसत असला, तरी फोनच्या लेखी तिथे डझनावारी सेल असू शकतात.

सगळा परिसर लहान लहान सेलमध्ये वाटायचा आणि थोड्या अंतरावर तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरायची, ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९४७ मध्ये मांडली गेली. मूठभर फ्रिक्वेन्सींवर कोट्यवधी फोन चालतात ते या एका युक्तीमुळे.

२. फोन चालू केल्यावर रेंज यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तो नक्की करतो काय?

सुरुवातीला फोन फक्त ऐकतो, बोलत नाही. मागच्या वेळी ज्या फ्रिक्वेन्सीवर सेवा मिळाली होती त्या तो आधी तपासतो. बहुतेकदा तिथेच काम होतं आणि काही सेकंदांत कंपनीचं नाव येतं. पण कोल्हापुरात बंद केलेला फोन तुम्ही थेट दिल्लीत चालू केला, तर जुन्या नोंदींचा उपयोग होईलच असं नाही. मग त्याला फ्रिक्वेन्सींचा एकेक पट्टा चाळत जावं लागतं, आणि तो वेळ आपल्याला जाणवतो.

प्रत्येक सेल अहोरात्र स्वतःची ओळख प्रसारित करत असतो. ४जीमध्ये दर ५ मिलिसेकंदांनी दोन ठरावीक संकेत जातात. पहिल्याचे ३ प्रकार, दुसऱ्याचे १६८. त्यांच्या जोड्यांतून ५०४ ओळख क्रमांक तयार होतात. ५जीमध्ये हीच संख्या १००८ आहे. हे संकेत सापडले की फोनचं घड्याळ सेलच्या घड्याळाशी जुळतं आणि पुढची माहिती वाचता येते: पट्टा किती रुंद आहे, नेटवर्क कोणाचं आहे, हा सेल नवे फोन घेतोय की दुरुस्तीसाठी बंद ठेवलाय, आणि किमान किती सिग्नल असेल तरच यायचं. नेटवर्कचा क्रमांक आपल्याकडे ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, पुढचे आकडे कंपनी आणि सर्कल, म्हणजे दूरसंचाराचा विभाग, सांगतात. फोन तो सिममधल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. सगळं जुळलं तर त्या सेलवर मुक्काम टाकतो.

आता फोन पहिल्यांदा तोंड उघडतो. ४जीमध्ये ६४ ठरावीक हाकांपैकी एक निवडून तो सेलला पाठवतो. त्याच क्षणी दुसऱ्या कुणी तीच हाक दिली तर टक्कर होते आणि दोघांना पुन्हा प्रयत्न करावा लागतो. सेल उत्तर देताना ‘तू इतका लांब आहेस, थोडं आधी पाठवत जा’ अशी वेळेची दुरुस्तीही सांगतो, कारण रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटरच जाते आणि सगळ्यांचे संकेत सेलपाशी ठरलेल्या वेळीच पोचावे लागतात.

शेवटी नोंदणी. नेटवर्क एक यादृच्छिक संख्या पाठवतं, सिम आपल्या गुप्त किल्लीनं तिचं उत्तर काढतं. किल्ली स्वतः सिमच्या बाहेर कधीच येत नाही, जातं ते फक्त उत्तर. ते बरोबर आलं की तुम्ही आत.

३. म्हणजे फोन सर्वांत जवळचा टॉवर पकडतो, बरोबर ना?

हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज. फोनला अंतर दिसतच नाही, त्याला सिग्नलची ताकद दिसते. समोरच्या इमारतीवरच्या अँटेनाचं तोंड दुसरीकडे असेल, तर दीड किलोमीटरवरचा, पण तुमच्याकडे तोंड केलेला सेल जास्त जोरात ऐकू येतो.

नुसत्या ताकदीवरही सगळं ठरत नाही. कंपनी प्रत्येक फ्रिक्वेन्सीला प्राधान्यक्रम देते. २३०० मेगाहर्ट्झचा सिग्नल ८५० पेक्षा क्षीण असला तरी ‘पुरेसा’ असेल, तर फोन २३०० वर जातो, कारण तिथे जागा जास्त आणि नेटचा वेग जास्त. शिवाय कंपनीचा प्रश्न आहेच. दारातला टॉवर तुमच्या कंपनीचा नसेल तर तुमच्या फोनसाठी तो नसल्यातच जमा (अपवाद प्रश्न २१ मध्ये).

४. माझ्या फोनवर दोन कांड्या आणि मित्राच्या फोनवर चार. सिम एकाच कंपनीचं. माझा फोन खराब आहे का?

लगेच तसं समजू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या याचं कुठलंही सामाईक मानक नाही, प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनानं ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असतो आणि तो उणे असतो. ४जीसाठी उणे ८०-९० च्या आसपास उत्तम, उणे ११० ला कुरकुर सुरू, उणे १२० म्हणजे काठावर. यात दर १० डीबीला ताकद दहापट बदलते, म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांच्यात हजारपटीचा फरक आहे.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं की हा आकडा दिसतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. दोन्ही फोन एकाच टेबलावर ठेवून आकडे बघा, आणि दोघे एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत का तेही बघा. मगच फोनला दोष द्या.

५. अंगणात ५जी झकास चालतं, घरात शिरलं की ४जी. असं का?

फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितकी ती भिंतीत जास्त अडते. आपल्याकडे ५जी मुख्यतः ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. ४जी मात्र ८५० आणि ९०० पासून २३०० पर्यंत पसरलेलं आहे आणि त्यातले खालचे पट्टे भिंत भेदून आत येतात. ७०० मेगाहर्ट्झवरचं ५जीही असतं, ते घरात बरं पोचतं, पण तो पट्टा अरुंद असल्यानं वेग कमी मिळतो.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. टॉवर दहा-वीस वॅटनं किंवा त्याहून जास्त ताकदीनं बोलतो, पण ४जी-५जी फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॅट असते. त्यामुळे बऱ्याचदा टॉवरचं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरला येत नाही. नेटवर्कला हे कळतं आणि ते तुम्हाला खालच्या फ्रिक्वेन्सीवर ढकलतं. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या दगडी भिंतींच्या जुन्या घरात हे हमखास होणार. घरात वायफाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. फुकट आणि कायदेशीर उपाय आहे.

६. वर ५जी लिहून येतं, पण स्पीड ४जीचाच. फसवतात का?

फसवणूक नाही, पण चिन्ह अर्धवट खरं सांगतं. ५जी दोन पद्धतींनी दिलं जातं. एकात फोन थेट ५जी सेलवर नोंदला जातो. जिओनं सुरुवातीपासून हा मार्ग धरला. दुसऱ्यात फोन ४जी सेलवरच राहतो आणि गरज पडली की ५जी सेल जोडीला घेतला जातो. एअरटेलनं याने सुरुवात केली. या दुसऱ्या पद्धतीत ४जी सेल ‘माझ्यासोबत ५जी मिळू शकतं’ एवढं प्रसारित करतो आणि बरेच फोन तेवढ्यावरच ५जीचं चिन्ह लावतात. तुम्ही काही डाउनलोड करायला घेतलं की मगच खरी जोडणी होते, किंवा घरात असाल तर होतही नाही (प्रश्न ५).

७. फोन हातात, रेंज फुल्ल, तरी भाऊ म्हणतो ‘तुझा फोन लागतच नव्हता’. हे कसं शक्य आहे?

फोन नुसता खिशात असताना नेटवर्कला तुम्ही नेमक्या कुठल्या सेलवर आहात हे माहीत नसतं. त्याला फक्त विभाग माहीत असतो, अनेक सेल मिळून एक. कॉल आला की त्या विभागातल्या सगळ्या सेलवरून तुमच्या नावाचा पुकारा होतो, जोतिबाच्या यात्रेत चुकलेल्या माणसाचं नाव स्पीकरवरून पुकारतात तसा. तुमचा फोन तो ऐकून ‘मी इथे आहे’ म्हणतो आणि मग घंटी वाजते.

बॅटरी वाचवण्यासाठी फोन हा पुकारा सतत ऐकत नाही, साधारण सेकंद-सव्वा सेकंदानं एकदा कान देतो. नेमक्या त्या क्षणी तो एका सेलवरून दुसऱ्यावर जात असेल, तळघरात असेल किंवा दुसऱ्या सिमवर गुंतला असेल (प्रश्न १८), तर पुकारा हुकतो. नेटवर्क एक-दोनदा पुन्हा पुकारतं आणि नाद सोडतं. कांड्या मात्र तुम्ही बघता तेव्हा फुल्लच असतात.

८. कधी ‘स्विच ऑफ आहे’ ऐकू येतं, कधी ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’. फरक काय?

फोन रीतसर बंद केला की तो जाताना नेटवर्कला ‘मी निघालो’ असा निरोप देतो. त्यानंतर नेटवर्क पुकारायच्या भानगडीत पडत नाही. पण बॅटरी एकदम काढली, फोन पाण्यात पडला किंवा तुम्ही दाजीपूरच्या जंगलात शिरलात, तर निरोप जात नाही. नेटवर्क पुकारतं, उत्तर येत नाही, आणि समोरच्याला ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं. नोंद किती काळ जिवंत धरायची यालाही घड्याळ असतं. ४जीमध्ये त्याचं मूळ मूल्य ५४ मिनिटं आहे, कंपनी ते बदलू शकते. तेवढ्या वेळात फोननं स्वतःहून हजेरी दिली नाही तर काही काळानं तोही ‘गेला’ म्हणून धरला जातो.

म्हणून नुसत्या घोषणेवरून कुणी मुद्दाम फोन बंद केला असा निष्कर्ष काढू नका. घरात त्यावरून भांडणं होतात. कंपन्यांच्या घोषणा एकसारख्या नसतात, हेही ध्यानात ठेवा.

९. पुण्याला जाताना तासभर बोलत होतो, कॉल तुटला नाही. इतके टॉवर मागे पडले तरी?

बोलणं चालू असताना सेल बदलायचा निर्णय फोनचा नसतो, नेटवर्कचा असतो. फोन शेजारच्या सेलचं मोजमाप करून कळवत राहतो. शेजारी सध्याच्या सेलपेक्षा ठरावीक फरकानं, समजा ३ डीबीनं, जोरात ऐकू येऊ लागला आणि तो फरक काही क्षण टिकला, की नेटवर्क नव्या सेलमध्ये आधी जागा धरतं आणि मग फोनला तिकडे जायला सांगतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

फरक आणि थांबणं या दोन्ही अटी मुद्दाम घातलेल्या आहेत. नाहीतर दोन सेलच्या सीमेवर उभा असलेला फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारत राहील. कॉल न चालू असताना मात्र सेल बदलणं फोन स्वतः ठरवतो, नेटवर्कनं आखून दिलेल्या नियमांत राहून. हा भेद लक्षात ठेवला तर पुढची बरीच कोडी सुटतात.

१०. घर कागलमध्ये, पण फोन मध्येच कर्नाटकचं नेटवर्क पकडतो. पैसे कटतात का? आणि परत येत का नाही?

हल्लीच्या बहुतेक प्लॅनमध्ये देशभराचं रोमिंग धरलेलं असतं, त्यामुळे सहसा वेगळे पैसे जात नाहीत. जुना किंवा अगदी लहान प्लॅन असेल तर एकदा तपासून घ्या.

कोल्हापूर दूरसंचाराच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं, कोगनोळी-निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये. लहरींना नाका माहीत नसतो, पलीकडचा सेल तुमच्या गच्चीवर जोरात ऐकू येत असेल तर फोन तो घेतो. परत यायला वेळ लागतो याचं कारण असं की चालू सेवा ठीक असताना फोन घरचं नेटवर्क सतत शोधत बसत नाही. किती वेळानं शोधायचं हे सिममध्ये ६ मिनिटांच्या पटीत लिहिलेलं असतं. लिहिलेलंच नसेल तर फोन ६० मिनिटं धरतो. घाई असेल तर विमान मोड (प्रश्न १७). गोव्याला जाताना मात्र ही गंमत होत नाही, गोवा आपल्याच सर्कलमध्ये आहे. चंदगडवाल्यांनी बेळगावला गेल्यावर आणि गोव्यात उतरल्यावर काय दिसतं ते पडताळून पाहावं.

११. पन्हाळ्यावर फुल्ल रेंज असून आवाज कटतो, नेट रडतं. एवढ्या उंचीवर तर उत्तम चालायला पाहिजे!

मला सर्वांत आवडणारा प्रश्न, कारण उत्तर अपेक्षेच्या उलटं आहे. तटबंदीवर उभं राहिलं की खाली कोल्हापूरपर्यंतचा मुलूख मोकळा दिसतो. फोनलाही तो तसाच ‘दिसतो’. खाली शहरात इमारती आणि झाडं लांबचे सेल अडवतात, म्हणून तिथे फोनला दोन-चारच सेल जोरात ऐकू येतात. वर ही आड नसते. दूरदूरचे सेल जवळपास सारख्याच ताकदीनं कानावर पडतात आणि त्यांची फ्रिक्वेन्सी एकच असते. गोंगाट इतका की त्यातून आपल्या सेलचं बोलणं वेगळं काढता येत नाही.

कांड्या ताकद दाखवतात, स्वच्छता नाही. शिवाय लांबच्या सेलच्या शेजाऱ्यांच्या यादीत गडाजवळचे सेल नसतातच, त्यामुळे कॉल पुढे सोपवता येत नाही आणि तुटतो. कंपन्या अँटेना मुद्दाम खाली झुकवून बसवतात ते सिग्नल असा लांब उडू नये म्हणून. तुमच्यापुरता उपाय म्हणजे कड्यावरून दहा-वीस पावलं मागे, एखाद्या भिंतीच्या आडोशाला या. कांडी एक कमी होईल, आवाज सुधारेल.

१२. गगनबावड्यात धो-धो पाऊस लागला की नेट जातं. पाऊस रेंज खातो का?

फोन आणि टॉवर यांच्यातला सिग्नल पाऊस फारसा खात नाही. १० गिगाहर्ट्झच्या खाली पावसाचा परिणाम किरकोळ असतो आणि फोनच्या रोजच्या फ्रिक्वेन्सी त्याच्या बऱ्याच खाली आहेत. अडचण टॉवरच्या मागे असते. डोंगराळ भागात जिथे फायबर पोचलेलं नाही, तिथे टॉवर पुढच्या टॉवरशी गोल तबकडीच्या मायक्रोवेव्हनं जोडलेला असतो. ती जोडणी १५, १८, २३ गिगाहर्ट्झ अशा फ्रिक्वेन्सीवर चालते, आणि तिथे जोराचा पाऊस सिग्नल खरोखरच गिळतो. म्हणून फोनवर कांड्या असतात, सेल ‘चालू’ असतो, पण त्याच्या पुढे रस्ताच नसतो.

करूळ घाटात उतरताना रेंज जाते ती पावसानं नव्हे, डोंगराच्या आडोशानं. तिथे उन्हाळ्यातही तेच होणार.

१३. उसात रेंज कमी होते असं आमच्याकडे म्हणतात. खरं आहे?

हो, पण फक्त उसाच्या आत. ओली पानं सिग्नल शोषतात, वरच्या फ्रिक्वेन्सीचा जास्त. शेतातल्या मोटारीपाशी उभं राहिलात तर फरक जाणवेल, तोड झाल्यावर पुन्हा बरं होईल. गावातल्या घरावर परिणाम नाही, टॉवरचे अँटेना उसाच्या कितीतरी वर असतात.

१४. नवरात्रात महाद्वार रोडला किंवा चैत्र यात्रेत जोतिबावर कॉल लागत नाही. टॉवर बंद करतात का?

बंद करत नाहीत. सेल सापडतो, पण आत घेत नाही. प्रश्न २ मधल्या ६४ हाका आठवा. हजारो फोन एकाच वेळी हाक देऊ लागले की टकरा वाढतात, आणि हाक पोचली तरी पुढे द्यायला जागा नसते. सेल मग ‘सध्या काही टक्के फोननी थांबावं’ असंही प्रसारित करू शकतो आणि तुमचा फोन निमूट थांबतो. कंपन्या अशा वेळी गाडीवर बसवलेले फिरते टॉवर आणून उभे करतात.

पुन्हा पुन्हा रीडायल करू नका, गर्दीत भर पडते. साधा एसएमएस अशा वेळी कॉलपेक्षा लवकर जातो, कारण त्याला क्षणभरच जागा लागते. लहान मुलं, म्हातारी माणसं सोबत असतील तर भेटायची जागा आधीच ठरवा, फोनवर विसंबू नका.

१५. महापुरात आधी वीज जाते, मग रेंज. टॉवर किती वेळ टिकतो?

वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो, त्यानंतर असेल तर डिझेल जनरेटरवर. किती तास हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी डिझेल पोचवायचं कसं, हाच खरा प्रश्न होतो. एक टॉवर पडला की त्याचे फोन शेजारच्या टॉवरवर जातात, तिथे गर्दी होते, त्याची बॅटरीही लवकर संपते.

पुराच्या इशाऱ्यासाठी एक वेगळी सोय आहे आणि ती सगळ्यांना माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. सेल आपल्या आवाक्यातल्या सगळ्या फोनना एकदम इशारा पाठवू शकतो. त्याला नंबर लागत नाही आणि तो गर्दीत अडकत नाही, कारण एकेकाला पाठवायचा नसून सर्वांसाठी एकदाच प्रसारित करायचा असतो. २०२३ मध्ये दूरसंचार विभागानं याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा सगळ्यांचे फोन एकाच वेळी किंचाळले होते ते यामुळेच. अनेकांनी वैतागून सेटिंगमधून ते इशारे बंद केले. चिखली, आंबेवाडी, शिये अशा नदीकाठच्या गावांनी तरी ते पुन्हा चालू करावेत.

१६. रेंज नसलेल्या गावी बॅटरी लवकर का उतरते? फोन वापरतही नाही.

न सापडणारा सेल शोधण्यात. फोन पुन्हा पुन्हा सगळे पट्टे चाळतो, थोडा थांबतो, पुन्हा चाळतो. काठावरची रेंज असेल तर त्याहून वाईट, कारण तेव्हा तो पूर्ण ताकदीनं बोलतो. राधानगरीच्या जंगलात दिवसभर फिरणार असाल तर विमान मोड लावा. जीपीएस तरीही चालतं, त्याला टॉवर लागत नाही.

१७. विमान मोड लावून काढला की नेट सुरू होतं. ही जादू काय आहे?

जादू नाही. फोन कधीकधी ‘पुरेशा’ पण वाईट सेलला चिकटून राहतो. विमान मोडनं नोंदणी सुटते आणि प्रश्न २ मधली शोधाशोध नव्यानं होते, बहुधा चांगला सेल मिळतो. फोन बंद-चालू करण्यापेक्षा हे लवकर होतं.

सेटिंगमध्ये नेटवर्क हातानं निवडायची सोय आहे, तिच्या नादाला शक्यतो लागू नका. हातानं निवडलेलं नेटवर्क पुढच्या गावात नसेल, तर फोन आपणहून दुसरं घेत नाही, नुसताच ‘सेवा नाही’ दाखवत बसतो. सीमाभागात हे फार होतं.

१८. दोन सिमचा फोन आहे. एकावर बोलत असताना दुसरं ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ का?

बहुतेक फोनमध्ये सिम दोन पण रेडिओ एकच. निवांत असताना तो दोन्ही नेटवर्कचे पुकारे आळीपाळीनं ऐकतो. एका सिमवर कॉल सुरू झाला की दुसऱ्याचा पुकारा ऐकायला कोणी उरत नाही. काही फोनमध्ये कॉल चालू असलेल्या सिमच्या इंटरनेटवरून दुसऱ्या सिमचा कॉल घ्यायची सोय असते. सेटिंगमध्ये बॅकअप कॉलिंगसारखं काही दिसतं का बघा. धंद्याचा नंबर असेल तर दुसऱ्या सिमवरून ‘नॉट रिचेबल असताना’ पहिल्यावर कॉल फॉरवर्ड लावणं सर्वांत भरवशाचं.

१९. ऑनलाइन बूस्टर मिळतो, दुकानात बसवू का?

नको. परवानगीशिवाय असा रिपीटर लावणं बेकायदा आहे. तो तुमच्या फोनचा आवाज वाढवतो, सोबत गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतो. त्यानं आसपासच्या सगळ्यांचे कॉल बिघडतात. ड्राइव्ह टेस्टमध्ये एखाद्या गल्लीपुरता सेल अचानक बहिरा झालेला दिसला, की आमचा पहिला संशय बूस्टरवरच असतो. वायफाय कॉलिंग वापरा (प्रश्न ५).

२०. आमच्या अपार्टमेंटवरचा टॉवर काढायचा ठराव झालाय. टॉवर गेला की धोका गेला ना?

टॉवर गेला की तुमचा फोन लांबच्या टॉवरशी बोलण्यासाठी स्वतःची ताकद वाढवेल, आणि फोन तुमच्या कानाला असतो. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे. मोजमाप हवं असेल तर सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवरून टॉवरची माहिती बघता येते आणि तपासणीची विनंतीही करता येते. ठराव करण्याआधी मोजून घ्या. गच्चीला टॉवरचं वजन पेलतं का, हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे. तो स्थापत्य अभियंत्याला विचारा.

२१. रेंज नसली तरी ११२ लागतो, हे खरं का?

अर्धं खरं आणि म्हणून धोक्याचं. तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा सेल ऐकू येत असेल, तर फोन आणीबाणीच्या कॉलसाठी त्यावर मुक्काम करतो. ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसतं ते याच अवस्थेत. कुठल्याच कंपनीचा सेल नसेल, तर ११२ सुद्धा लागत नाही. घाटात एकट्यानं जाताना घरी रस्ता आणि वेळ सांगून जा.

२२. शेजारच्याला त्याच कंपनीची रेंज, बिल भरलेलं, तरी फक्त माझ्या फोनवर ‘आपत्कालीन कॉल’. आता?

इथे सेल सापडलाय, पण नेटवर्कनं दार लावलंय. नोंदणी नाकारली गेली की फोन ते लक्षात ठेवतो. नाकारलेला विभाग असेल तर ती यादी फोन बंद केल्यावर पुसली जाते, किंवा बारा ते चोवीस तासांत कधीतरी. पण नाकारलेलं नेटवर्क सिमवर लिहिलं जातं आणि फोन बंद-चालू करूनही तिथेच राहतं. पोर्टिंग (नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं) अर्धवट राहिलं किंवा सिम काही दिवस बंद होतं, तर असं होऊ शकतं. आपलं नेटवर्क एकदा हातानं निवडून नोंदणी यशस्वी झाली, की ते यादीतून निघतं. मग निवड पुन्हा आपोआपवर ठेवायला विसरू नका (प्रश्न १७).

तरीही नाहीच जमलं तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला. तिथे चाललं म्हणजे गडबड तुमच्या फोनची. जुना फोन विकत घेतला असेल तर *#०६# डायल करून आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बघा आणि ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा. चोरीला गेलेला म्हणून बंद केलेला फोन असला, तर कुठलंच सिम त्यात चालणार नाही. हे तपासणं पैसे देण्याआधी करायचं काम आहे.

२३. कंपनीला तक्रार करतो, ते ‘फोन रीस्टार्ट करा’ म्हणतात. नेमकं काय सांगू?

‘रेंज नाही’ असं सांगू नका. प्रश्न ४ मधल्या स्क्रीनचा फोटो काढा: डीबीएमचा आकडा, सेलचा क्रमांक, फ्रिक्वेन्सी. जागा, वेळ, घरात की बाहेर, कॉल लागत नाही की मध्येच तुटतो की नेट अडतं, हे लिहा. शेजारच्या दोन घरांतल्या त्याच कंपनीच्या फोनचे आकडेही जोडा. १९८ वर तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्या, आणि उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा, त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. कंपन्यांना आपले कव्हरेज नकाशेही तिथे द्यावे लागतात. नकाशात तुमचं गाव रंगवलेलं असेल आणि तुमचा आकडा उणे १२० असेल, तर दोन्ही फोटो तक्रारीला जोडा.